दोन बाटल्यांचा तपास

लेकीच्या लघवीचा नमुना मी दोन बाटल्यांत भरला आणि स्वतःला फार हुशार समजलो. ती चार वर्षांची. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ताप. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. जळगावच्या डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहून दिली आणि समोरच्याच लॅबकडे बोट दाखवलं. तिथेच मला काळंबेरं दिसलं. एक बाटली त्या लॅबला दिली. दुसरी माझ्या माहितीतल्या लॅबसाठी स्कूटरच्या डिकीत टाकली. मधे नशिराबादला वरण-बट्टीची पंगत होती, ती उरकून संध्याकाळी पोचवली.

रिपोर्ट आले. समोरच्या लॅबच्या रिपोर्टात एकाच जातीचे जंतू, माझ्या लॅबच्या रिपोर्टात तीन-चार जातींची जत्रा.

"बघ, पकडलं की नाही?" मी बायकोला म्हणालो.

"आणि ताप? तोही खोटाच का?"

ताप तोवर उतरला होता. म्हणून मी तिचं न ऐकता डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध अर्ध्यावर बंद केलं.

पंधरा दिवसांत लेक हुडहुडी भरून, कमरेला हात लावून रडायला लागली. आता जळगावात विश्वास तरी कुणावर ठेवायचा? धुळ्याला गेलो, बायकोच्या माहेरी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"ही दुसरी बाटली कुठे होती, भाऊ?"

"डिकीत."

"किती वेळ?"

"पंगत उठेपर्यंत."

"मे महिन्यात?" बाई हसल्या नाहीत. "उन्हात जंतू वाढले त्यात. पहिला रिपोर्ट बरोबर होता."

मग लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून एक्स-रे फोटो काढले. लघवी खाली यायची सोडून डाव्या बाजूने उलट वर किडनीकडे चढत होती. नंतरच्या स्कॅनमध्ये त्या किडनीवर छोटा डाग दिसला. फिल्मवरचं नाव मी तीनदा वाचलं. दुसऱ्या कुणाची असेल, अशी आशा होती.

"हा माझ्यामुळे का?"

"आधीच्या तापातलाही असेल, सांगता येत नाही. पुढचा मात्र टाळायचा. रोज थोडं औषध, आणि ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासायची."

परतीची बस पारोळ्याला थांबली. लेक बायकोच्या मांडीवर झोपलेली. मी औषधाची बाटली खिडकीकडे धरून तारीख तपासत होतो.

"आणा ती इकडे," बायको म्हणाली. "संशय घ्यायचाच असेल ना, तर हिच्या कपाळाला हात लावून घ्या. रोज."