आप्पांचं हिरवं पाव्हणं

माझ्या सासऱ्यांना, हौसरावांना, कोणी उपाशी दिसलेलं चालत नाही. राहू गावात त्यांचं गुऱ्हाळ होतं तेव्हा पत्ता विचारायला थांबलेला माणूसही गरम गूळ खाऊन, वर काकवीची बाटली काखेत मारूनच रस्त्याला लागायचा.

गुडघ्यांनी गुऱ्हाळ सोडायला लावलं आणि आप्पा आमच्याकडे शिरूरला आले. इथे त्यांची पंचाईत झाली. माझे मिस्टर इंद्रजीत रांजणगावला शिफ्टमध्ये, जेवण कँटीनला. लेक करिश्मा पुण्याला हॉस्टेलवर. राहिले मी, आणि माझं डाएट.

अशात करिश्माने पाल आणली. भिंतीवरची नव्हे, कैरीसारखी हिरवीगार, पाठीवर तांबडे ठिपके, दिवसा जागी आणि रात्री झोपणारी. मैत्रिणीच्या घरचे परदेशी निघाले, म्हणून काचेची पेटी, दिवा आणि नोंदणीच्या कागदांसकट ती आमच्या हॉलमध्ये आली.

"परीक्षा होईपर्यंत सांभाळ, आई. पानांवर पाणी फवार, ती थेंब चाटते. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून दे. पपईचा गर कधीतरीच. आणि हातात घेऊ नकोस, कातडी नाजूक असते."

मी कसली हातात घेतेय! पण आप्पांचा चेहरा फुलला. "पाव्हणं आलंय व्हय!" म्हणत त्यांनी खुर्ची पेटीजवळ ओढली.

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तरी हळूहळू पाल किडे खाईना. रातकिडा तिच्या नाकासमोरून फिरायचा आणि ती दुसरीकडे बघायची. मग एका सकाळी काचेवर चढता चढता सुटली आणि खाली पडली. पाय थरथरत होते. तेवढ्यात करिश्माचा फोन.

"कशी आहे गं?"

"मजेत! तू पेपरकडे बघ," मी म्हणाले आणि फोन ठेवून रडकुंडीला आले. परीक्षा संपवून पोरगी येणार आणि पेटी रिकामी दिसणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

पुण्यात असल्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत असं कळलं. पेटी मांडीवर घेऊन आप्पाही गाडीत बसले. डॉक्टरीणबाईंनी पालीला नीट पाहिलं.

"कॅल्शियम कमी पडलंय. गोड काय देता?"

"पपई. तीही आठवड्यातून एकदा," मी ठामपणे म्हणाले.

आप्पा छताकडे बघत होते.

"आप्पा?"

"थेंबच देतो गं. काकवीचा. सकाळी एक, दुपारी एक..." त्यांनी पालीकडे हळूच पाहिलं. "आन् त्यानं बघितलं तर अजून एक."

"ते दिवसभर बघतच असतं, आप्पा!"

"मग उपाशी ठिवायचं का पाव्हण्याला?"

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "आजोबा, गोडाने तिचं पोट भरतं, मग ती किडे खात नाही. आणि तिची हाडं किड्यांना लावलेल्या पावडरीवर." त्यांनी औषधाचे थेंब दिले, दिवा बदलायला सांगितला. बारीक माश्या घरीच वाढवा म्हणाल्या. शेतातले किडे फवारणीचे असतात.

परतीच्या वाटेवर आप्पा शिक्रापूरपाशी खिशातून तंबाखूची डबी काढून म्हणाले, "कॅल्शियमच पायजे ना? चुना हाय की माझ्याकडं."

"आप्पा, ती डबी आत ठेवा!"

घरी आल्यावर दोन दिवस ते पेटीकडे पाठ करून बसले. ती बघायची, आप्पांचा हात काकवी द्यायला वळवळायचा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काचेची बरणी दिसली. आत पिकलेलं केळं आणि वर काकवीची धार, तोंडावर अर्धवट ओढलेलं पातळ फडकं.

"जलमभर गुऱ्हाळावरनं माश्या हाकलल्या," आप्पा म्हणाले, "आता त्यास्नीच जेवायला बोलावतो."

माश्या आल्या, त्यांची पोरंबाळंही झाली. मी पावडरीत घोळवून त्या पेटीत सोडत होते. पाल पहिल्यांदा नुसती बघत बसली. मग एकदा मान तिरकी केली, झेप घेतली आणि पांढरी झालेली माशी गट्टम!

"खाल्लं!" आप्पा एवढ्या जोरात ओरडले की शिफ्ट करून झोपलेले इंद्रजीत धडपडत बाहेर आले.

काल करिश्मा परीक्षा आटोपून आली. पाल काचेवरून सरसर वर चढली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. करिश्माने आजोबांकडे संशयाने पाहिलं.

"आप्पा, हिला गोडधोड काही देत नाही ना?"

"छ्या!" आप्पा बरणीवरचं फडकं सारखं करत म्हणाले. "पाव्हण्याला एक थेंब न्हाई. काय असंल ते माश्यांनाच."