‘थांबा’ म्हणायचं ट्रेनिंग

किस्से जमवावे लागत नाहीत. पन्नाशीतली बेकार माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी करा आणि त्यांना ‘सावधान’ म्हणा, किस्से आपोआप साचतात! कंपनी बंद पडल्यावर मी सिक्युरिटी गार्डच्या ट्रेनिंगला गेलो. येरवड्याच्या त्या शेडमधले किस्से मित्र मला अजून पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. ते हसतात, मीही हसतो. घरी येताना मात्र वाईट वाटत राहतं.

आधी एक खुलासा. आम्ही सगळे ‘लायसन्स काढायला आलोय’ असं म्हणायचो. खरं तर लायसन्स असतं एजन्सीला. आम्हाला मिळायचं ते सर्टिफिकेट, तेही मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, ट्रेनिंग आणि शेवटची प्रॅक्टिकल पार पडल्यावर. पण ‘लायसन्स’ म्हटलं की कमरेला बंदूक असल्यासारखं वाटतं. आम्हाला तर काठीसुद्धा आपापली आणायला सांगितली होती!

*

मेडिकलला छाती मोजतात. नुसती मोजून भागत नाही, फुगवून दाखवावी लागते. रांगेत माझ्यापुढे चौगुले होते. येरवड्याच्या पलीकडचं त्यांचं गाव आता शहरात आलंय. त्यांचा सगळा जन्म फाउंड्रीत गेला. पुढे फाउंड्री बंद पडली, तिथली धूळ तेवढी छातीत राहिली.

“श्वास घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“घेतलाय.”

“मग छाती का फुगत नाही?”

“एवढीच फुगती साहेब. ह्याच्या म्होरं गेली की खोकला येतो!”

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, टेप जरा सैल धरली आणि ‘फिट’ लिहून टाकलं.

बाहेर चहा घेताना चौगुल्यांनी सांगितलं, त्यांची बायको सुमन लोकांकडे धुणंभांडी करते आणि तिच्या गुडघ्यांची पार वाट लागलीय. “हे लायसन मिळालं ना, की तिची कामं बंद. दुसरं काय मागणं न्हाई आपलं.” हे त्यांनी पुढे मला रोज ऐकवलं, आणि मला एकदाही कंटाळा आला नाही.

*

मी सदाशिव पेठेतला. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले तेव्हा मी नेमका घरी नव्हतो. त्यांनी शेजारच्या आपट्यांना विचारलं, “यांचं चारित्र्य कसं काय आहे?”

आपटे म्हणाले, “उत्तम! बिघडायला ऐपत लागते, ती यांची कधीच नव्हती.”

हवालदारांनी ‘उत्तम’ एवढंच लिहून घेतलं. हे मला खुद्द आपट्यांनीच सांगितलं, वर उपकार केल्यासारखा चेहरा करून.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला बातमी. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. “बरं झालं हो! आपल्या गेटलाही कुणीतरी हवंच होतं. घरचाच माणूस म्हणजे थोडं कमीत होईल, नाही का?”

मी “हो, बघू की” म्हणालो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

मग वर्दी आली. नवी नव्हे, सोडून गेलेल्या गार्डांची, धुतलेली. माझ्या खिशावर ‘ठाकूर’ अशी पट्टी शिवलेली होती. मी स्टोअरमधल्या माणसाला म्हणालो, “अहो, माझं नाव ठाकूर नाही.”

“राहू द्या हो,” तो म्हणाला, “ते वाचतंय कोण?”

मला राग आला. पण पुढे आम्हाला सरावासाठी निरनिराळ्या गेटांवर उभं केलं, तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. कुणीही मला चुकूनसुद्धा ठाकूर म्हटलं नाही. जो तो म्हणायचा, “ओ वॉचमन!”

*

आमचे मास्तर म्हणजे एक निवृत्त सुभेदार. त्यांचं म्हणणं असं, की गार्डला एकच शब्द आला पाहिजे, ‘थांबा’. बाकी सगळं शिकवता येतं. रोज एक जण गार्ड व्हायचा, दुसरा अनोळखी पाहुणा. चौगुले गार्ड झाले आणि मी ताठ मानेने चालत गेलो.

चौगुले हात जोडून म्हणाले, “या साहेब!”

“चौगुले!” सुभेदार ओरडले. “तू गार्ड आहेस की मुलीचा बाप? अडव त्याला!”

पुन्हा मी गेलो. या वेळी चौगुल्यांनी हात जोडले नाहीत, नुसते बाजूला सरकले. तिसऱ्यांदा तर मला खुर्ची देऊ लागले! सगळी शेड हसली.

सुभेदारांनी शेवटी विचारलं, “बाबा रे, तुझी अडचण तरी काय?”

“साहेब, जलमभर गेटावर मला थांबवलंय. डबा उघडून दाखवलाय, खिसे उलटे केलेत. आपुन कुणाला थांबा म्हनलं, असं कधी घडलंच न्हाई. तोंडातनं निघत न्हाई वो.”

सुभेदार म्हणाले, “प्रॅक्टिकलला निघालं नाही, तर मला तुला पास करता येणार नाही.” ते मनातून वाईट माणूस नव्हते, पण हे त्यांनी खरंच सांगितलं होतं.

*

चौगुले मग सरावाला लागले. एकदा आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. ते डोळे मिटून पुटपुटत होते, आणि एकाएकी हात वर करून म्हणाले, “थांबा!”

समोरून भरधाव चाललेली बस करकचून थांबली! आमच्या मार्गाची नव्हती ती.

कंडक्टर दारातून वाकला. “चला, चढा.”

“न्हाई, चढायचं न्हाई. प्रॅक्टिस करतोय,” चौगुले म्हणाले.

“मग घरी आरशाला थांबवा!” म्हणून त्याने घंटी मारली.

चौगुले त्या दिवशी फार खूश होते. पण मला खात्री आहे, बस निघताना ते हळूच “माफ करा साहेब” म्हणाले होते.

*

प्रॅक्टिकल होती येरवड्याच्याच एका सोसायटीच्या गेटवर. सकाळी चौगुल्यांनी मला बाजूला घेतलं. “सुमन हितंच भांडी घासती. पन ती उशिरा निघती. तवर माझं हुन जाईल.”

झालं नाही. माझी प्रॅक्टिकल आधी झाली, मग चौगुले उभे राहिले. एक गाडी आत गेली, चौगुले बाजूला सरकले. एक साहेब फोनवर बोलत पायी गेले, चौगुले पुन्हा सरकले. केबिनमधून सुभेदार म्हणाले, “चौगुले, आता जो कोणी येईल त्याला थांबव. नाहीतर विषय संपला.”

बी विंगमधून एक बाई जिन्याचा आधार घेत सावकाश उतरल्या. हातात कापडी पिशवी. मी चौगुल्यांचा चेहरा पाहिला आणि समजलो. कामवाल्या बाईची पिशवी जाताना तपासायची, हा तिथला नियम.

“थांबा!” चौगुले म्हणाले. स्वच्छ, खणखणीत.

सुमनबाई थांबल्या.

“पिशवी दाखवा, बाई.”

त्यांनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. पिशवी कठड्यावर ठेवून एकेक वस्तू बाहेर काढली. रात्रीच्या पोळ्यांची पुडी, गुडघ्याला लावायची मलमाची ट्यूब, घराची किल्ली. सगळं नीट मांडलं आणि परत भरलं.

“शाब्बास!” मागून सुभेदार म्हणाले. “याला म्हणतात आवाज!”

सुमनबाईंनी पदर खोचला. “जाऊ का, साहेब?”

पायी जाणाऱ्यांचं बाजूचं छोटं गेट उघडंच होतं. तरी चौगुल्यांनी पुढे होऊन गाड्यांसाठीचा मोठा दांडा सबंध वर उचलला आणि धरून ठेवला. सुमनबाई त्याखालून निघाल्या, एकेक पाऊल टाकत.

मागे एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला. चौगुल्यांनी दुसरा हात तिच्यासमोर आडवा धरला. काच खाली झाली.

“ओ वॉचमन, काय चाललंय?”

“थांबा,” चौगुले म्हणाले. “बाई जातायत.”