गुडघ्याखालची जागा

मंगळवारी सकाळी रायाजी पाथरवट वारला. निरोप त्याच्या मुलीने आणला. मी पोथी उतरवत होतो. हातातली ओळ पुरी केली आणि उठलो.

त्याला आता दीड महिना झाला. कसब्यात आम्ही वीस वर्षे शेजारी, तो दगडावर आणि मी कागदावर... "तुमची चूक हरताळाचा पिवळा लेप लावला की झाकते, शास्त्रीबुवा," तो म्हणे, "माझी रस्त्यात उभी राहते."

पानिपताहून खंडू शिलेदार परतला नाही. देहही आला नाही. त्याच्या थोरल्या भावाने रायाजीला वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराचा स्मरणदगड, कोरायला सांगितला: खाली लढाई, मध्ये स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर महादेव. रायाजीने परतलेल्या एका स्वाराला गाठून खंडूचा शेवट विचारला आणि खालची लढाई तशीच कोरली. घोडा पडलेला, तलवार मोडलेली, खंडू कोसळताना. पण गुडघा जमिनीला टेकलेला नाही. मध्ये बोटभर जागा. ती पोखरायला नऊ दिवस लागले. छिन्नीचा एक घाव घालायचा, दगड वाजवून कान लावायचा, मग दुसरा. पाय तडकला असता तर सगळा दगड वाया.

भाऊ पाहायला आला. "अहो रायाजी, हा माझा भाऊ की गनीम? हरलेला माणूस चारचौघांत उभा करायचा?"

"गनीम हवा असेल तर दिल्लीकडे पाथरवट पुष्कळ आहेत."

खंडूची बायको सगुणा मागे उभी होती. तिने वाकून त्या जागेत करंगळी घातली. "असेच होते ते," म्हणाली, "घरी तरी कुणाचं ऐकलं कधी?"

रायाजीला भीती एकच होती. "लोक शेंदूर फासतील. शेंदूर चढला की दगडाचा देव होतो, आणि देव काही हरत नाही. मग हा गुडघा कोण पाहणार?" शेवटच्या तापात माझा हात धरून तो म्हणाला, "लावू देऊ नका." मी हो म्हणालो...

त्याच्या तेराव्यानंतर दगड नदीकाठच्या मारुतीपाशी उभा केला. भावाने शेंदराची वाटी आणली. लोक हात जोडून उभे होते. जन्मभर पोथ्या उतरवल्या, पण त्या वेळी एक 'नको' तोंडातून निघाले नाही. तलवार बुजली, घोडा बुजला, चेहरा गेला.

सगुणा रोज सकाळी येते आणि काडीने गुडघ्याखालचा शेंदूर काढते. कुणी विचारले तरी काडी थांबत नाही. काल मी माझा बोरू तासायचा चाकू तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, माझ्याकडे पाहिले नाही.

दगडावर आता सगळीकडे शेंदूर आहे. गुडघ्याखालची बोटभर जागा मोकळी आहे.