रिकामी परात

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, माफ करावं. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर सही करण्यापलीकडे हातात पेन आलं नाही. ही वही ह्यांची आहे. पुढची पानं ह्यांच्या आकृत्यांनी भरली आहेत. वाटी पालथी घालून काढलेले गोल आणि गोलात भोकं. कुठे बारा, कुठे अठरा, कुठे सगळं खोडून परत नऊ. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. कुणाला दाखवायची नाही. पण ह्यांना जे सांगायचं राहिलं ते कुठेतरी ठेवायला हवं.

हे न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. राहायला आम्ही तुर्भ्याला. एका सकाळी मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, गॅस पेटवला आणि मग आठवलं की दूधच आणलेलं नाही. तशीच खाली दुकानात धावले. परत आले तर पातेलं काळं पडलं होतं आणि फोन वाजत होता. ट्रेलरची मागची फळी ह्यांच्या पायावर पडली होती.

आई म्हणायची, रिकामं भांडं विस्तवावर ठेवू नये, घरधन्यावर येतं. त्या पातेल्याचं मी कुणाला बोलले नाही. घासून घासून फळीवर पालथं ठेवलं, पुन्हा वापरलं नाही.

पाय वाचला, पण क्लच दाबण्याजोगा राहिला नाही. घरी बसून हे फोनवर बघत बसायचे. कुठल्या कुठल्या देशातली माणसं लोखंडी पिंपात मांस धुरावर शिजवतात ते. एक दिवस लंगडत भंगारवाल्याकडे गेले आणि खाद्यतेलाचं पिंप घेऊन आले. आत लाकडं पेटवून दिवसभर जाळलं, सगळा रंग उडवला. खाली हवेला भोकं पाडली. तळाला कोळशाची जाळी, तिच्यावर वर्कशॉपमधून कापून आणलेला जाड पत्रा, त्यालाही भोकं. पत्र्यावर माझ्या लग्नातली परात, पाण्याने भरलेली. आणि तिच्यावर आकड्यांना टांगलेल्या कोंबड्या.

"हा पत्रा कशाला?" मी विचारलं.

"आच एका जागी भडकू नये म्हणून. पत्रा ती पसरवतो."

"आणि माझी परात?"

"पाणी आच पिऊन घेतं. परातीत पाणी आहे तोवर आत आग चढत नाही, मांस सुकत नाही. आपल्या घरासारखंच. मी भडकलो की तू गप्प."

स्वतःच हसले. पाय अधू झाल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी चाळीमागे पिंप लागायचं. बांगडे, कोंबडीच्या तंगड्या. सानपाड्याच्या सोसायट्यांतली माणसं गाडी थांबवून घेऊन जायची. कुणी माझं कौतुक केलं की मी पडद्याआड व्हायची. "अगं, वाघ आला का?" हे ओरडायचे. मला लोकांसमोर बोलता यायचं नाही. अजूनही येत नाही.

मग करावे गावातून एक शेठ आले. मुलाची हळद होती. चोवीस अख्ख्या कोंबड्या हव्या होत्या.

"कातरी पापडासारखी पायजे," ते म्हणाले. "दाताखाली वाजली पायजे."

ह्यांनी निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि आणखी दोन पिंपं केली. मी तेव्हा चार दिवस गावी आईकडे होते. माझ्या माघारी ह्यांनी एक कोंबडी करून पाहिली. मी आले तेव्हा खुशीत होते. "जमलं! पाणी घालायचंच नाही. वाफेने कातडी रबरासारखी होते. परात रिकामी ठेवायची, मग पत्रा आणि परात मिळून नुसती आच पसरवतात."

मी म्हटलं, "रिकामी?"

"रिकामी."

पुढे मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. हे हसले असते, चिडलेही असते, पण ऐकलं असतं.

हळदीच्या दिवशी दुपारी तिन्ही पिंपं पेटली, तिन्हींत आठ आठ कोंबड्या लागल्या. शेजारणींकडून आणलेल्या दोन पराती आणि माझी एक. हे टेम्पो ठरवायला नाक्यावर गेले. मला म्हणाले, "फक्त लक्ष ठेव. झाकण उघडू नकोस."

मी स्टुलावर बसले. समोर तीन रिकामी भांडी विस्तवावर. ते पातेलं डोळ्यांसमोरून जाईना. नाक्यावरून एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला आणि मला वाटलं, आता फोन वाजणार. उठले. हंडा जवळ घेतला, झाकण सरकवलं आणि कोंबड्यांच्या मधून तांब्या तांब्या पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ तोंडावर आली. तिन्ही पराती भरल्या. झाकणं लावली. मला इतकं शांत वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

हे आले. झाकणावर आच दाखवणारा काटा बसवला होता, तो वर चढेना. हवेची भोकं सगळी उघडली, कोळसा घातला, पिंपावर हात मारून पाहिला. "काय झालंय तुला?" असं पिंपालाच विचारत होते. निघायची वेळ झाली तशा कोंबड्या काढल्या आणि परातीत पाहिलं. वर चरबी तरंगत होती.

"कोंबड्यांना एवढं पाणी सुटलं?"

माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुटलं असेल."

एवढंच बोलले मी.

करावेला मांडवात शेठनी एक तंगडी मोडली. आत गुलाबी, आणि कातडी लांबच लांब ताणली गेली.

"कोंबरी हाय का टायर, रं?"

"पंचर काढून दे म्हनाव!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. हे हसणाऱ्यांच्या मध्ये वाकड्या पायावर उभे होते. नवरदेवाच्या आईने, शेठच्या बायकोने, मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"माझा पत्रा चुकला, शेठ," हे म्हणाले. "भोकं कमी पडली. आगाऊ दिलेले पैसे परत करतो, आणि आता बाहेरून जेवण मागवाल त्याचेही देतो."

त्या रात्रीपासून ही वही सुरू झाली. रोज एक गोल. पत्र्याला नवी भोकं पाडायची, परत काही बुजवायची. कोळसा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून नुसतं कागदावर. शेवटी पिंपं आली त्याच भंगारवाल्याकडे गेली. परात मी परत आणली. हे एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून बसू लागले. तिथेही वही न्यायचे. मी रोज ठरवायची, आज सांगू. पण जितके दिवस गेले तितकं ते मोठं होत गेलं. पाण्याचं सांगायचं तर पातेल्याचंही सांगावं लागलं असतं.

दोन वर्षांनी ह्यांना कावीळ झाली. दवाखान्यात मी चमच्याने पाणी पाजत होते. मध्येच डोळे उघडून म्हणाले, "अठरा जास्त झाली असती ना गं? बाराच हवी होती."

तेव्हाही मी म्हटलं, "असेल."

ह्यांच्यामागे मी एका खाणावळीला भाकऱ्या करून देऊ लागले, त्याच परातीत. तळाचा काळा डाग जात नाही, पीठ मळताना हात त्याच्यावरूनच फिरतो. दर महिन्याला करावेला जायची. त्या हळदीचे राहिलेले पैसे थोडे थोडे शेठच्या बायकोकडे द्यायची. काकी म्हणते मी त्यांना. काकी चहा द्यायच्या, मी पटकन पिऊन निघायची.

या महिन्यात शेवटचे होते. काकी ओटीवर कोळंबी सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझा घरवाला सरल मानूस होता. एकदा हात चुकला त्याचा, काय करनार?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यांचा हात नाही चुकला, काकी. परात रिकामी ठेवायची होती. पाणी मी ओतलं."

मला वाटलं त्या चिडतील, ओरडतील. मी पदर घट्ट धरला.

काकींनी कोळंबीचं डोकं मोडलं. "मंग? रिकामा भांडा आगीवर कोन ठेवतो? मी पन वतलाच असता."

मला रडू आलं. त्यांना वाटलं, देण्यातून सुटल्याचं आहे. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, नोटा दोनदा मोजल्या.

"झाले बघ सगले," म्हणाल्या, आणि आत ठेवायला उठल्या.