कापसाची खोली

मनोरुग्णालयातल्या आयुष्यावरची ती कादंबरी मी राळेगावच्या वाचनालयातून आणली. माझा दादा वर्षभर नागपूरला तसल्याच ठिकाणी होता आणि घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. तो पुण्याला कंपनीत लागला, असं बाबांनी गावात सांगितलं होतं. लोकही बेरकी, पगार किती म्हणून विचारायचे.

आईला वाचता येत नाही. दुपारी ती डाळ निवडायला बसली की मी मोठ्याने वाचायचे. लेखकाने म्हणे माणसाच्या मनाचा तळ गाठला होता. आईला त्याचं काही नव्हतं. वरण पातळ असतं का, थंडीत पांघरूण पुरतं का, एवढंच ती विचारायची. पुस्तकात नसलं तर मी मनानेच सांगायचे, पुरतं म्हणून.

त्यात एक बरा झालेला माणूस होता. भेटीच्या दिवशी आंघोळ करून, भांग पाडून, पिशवी घेऊन तो दाराशी बसायचा. तिथे आईचे हात थांबले. दादाही बरा झाला होता. घरी न्या, असा डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. पण आजारपणात त्याने घरात भरलेल्या कापसाला काडी लावली होती, ते बाबांच्या मनातून जात नव्हतं. आत्ताही खोली कापसाने भरलीय, तो विकला की आणू, म्हणाले. मला त्यांचा संताप यायचा. त्यांची भीती खरी होती, म्हणून जास्तच यायचा.

कापूस गेला. आईने खोली झाडली, खाट टाकली, दादाची चादर धुऊन अंथरली. घर जरा हलकं वाटायला लागलं. मग एक दिवस मी बाहेरून आले तर खाट अंगणात उभी, आणि खोलीत तुरीची पोती आढ्यापर्यंत रचलेली. बाबा कुणाकडेच बघत नव्हते.

आई भांडली नाही. चादर घडी करून पेटीत ठेवली, सूप पुढ्यात ओढलं आणि मला वाचायला सांगितलं.

"त्याले न्याले कोनी आलं का?" तिने विचारलं.

पुढचं मी आधीच वाचलं होतं. कुणी येत नाही. इतके दिवस खोटं सहज जमलं, आज मी पुस्तक मिटलं.

आईने मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"मंग त्याले म्हन, पिशवी आत ठेवून दे बापा. उन्हात बसू नोको."