वीतभर तार

आमच्या कारखान्यात तिला सगळे वेणीताई म्हणत. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, त्यामुळे तिच्या विभागाचा सगळा माल माझ्या हातून जायचा.

आम्ही कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनवायचो. जेवायला बसायच्या पाटापेक्षा लहान, विटेपेक्षा मोठा असा पत्र्याचा काळा डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला झेपेल तेवढी वाटून द्यायची, हे त्याचं काम. एका अंगाला पंख्याची जाळी, मागे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, प्लगची खाच आणि एक खटका. पुढच्या अंगाला एक गोल भोक आणि त्यातून बाहेर पडणारा तारांचा झुबका. तो झुबका म्हणजे वेणीताईचं राज्य. तारा मापात कापायच्या, टोकांना पिना दाबायच्या, जाळीचा मोजा चढवायचा, मग एकेक पिन कनेक्टरच्या आपापल्या घरात बसवायची. इतरांच्या हातचा झुबका झिंज्या सुटल्यासारखा दिसे. तिचा मात्र तेल लावून विंचरल्यासारखा, एक तार दुसरीवर चढलेली नाही. नाव पडलं ते त्यावरूनच.

एकोणीस वर्षं ती हे करत होती. आणि एकोणीस वर्षांत आपला डबा कॉम्प्युटरमध्ये बसताना तिनं एकदाही पाहिला नव्हता.

तिची मुलगी घरांचे नकाशे काढायला शिकत होती. शाळेतल्या कॉम्प्युटरवर पाळी लागेना, म्हणून घरी एक घ्यायचं ठरलं. वेणीताईचा नवरा रंगारी. तो म्हणाला, "भाग आणून दुकानातच जोडून घेऊ. आणि डबा तुझ्या कारखान्याचाच घ्यायचा. घरच्या म्हशीचं दूध सोडून शेजारी कशाला मागायचं?"

तर एका रविवारी सकाळी तिघंही दुकानात गेली. जोडणाऱ्या कारागिरानं नवं कॅबिनेट उघडून टेबलावर आडवं केलं. वेणीताई लग्नाला आल्यासारखी पुढे सरकून बसली होती. कारागिरानं आमच्या नव्या मॉडेलचा डबा उचलला आणि कॅबिनेटच्या तळाशी सरकवला.

"अहो, वर बसवा ना," ती न राहवून म्हणाली. "तो वर असतो."

"पूर्वी वर असायचा, काकू. आता नव्या कॅबिनेटांत खाली असतो. वरून हे झाकण येतं."

मग एकेक तार मागच्या बाजूनं नेऊन तो लावू लागला. सगळ्या लागल्या, एक सोडून. प्रोसेसरला वीज देणाऱ्या आठपदरी तारेची जागा बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात होती. डबा तळाशी, जागा माथ्याशी, आणि मधे पत्र्याला वळसा. त्यानं तार ताणली, कनेक्टरचं तोंड पत्र्यातल्या वरच्या भोकापर्यंत आलं आणि अडकलं. वीतभर कमी.

"झालं!" तो करवादला. "कोण बनवतं हे देव जाणे. घरी कधी कॉम्प्युटर उघडून बघतात की नाही?"

शेवटी त्यानं ती तार पुढूनच, सगळ्या बोर्डावरून तिरकी ओढून लावली. तोरण एका बाजूनं सुटावं तशी ती दिसत होती. कॉम्प्युटर सुरू झाला, मुलीचा चेहरा उजळला. वेणीताई मात्र घरी येईपर्यंत वाटभर बोटांनी वीत मोजत होती.

"अगं, चालतोय ना?" नवऱ्यानं विचारलं.

"चालतोय हो. पण तो माणूस मला बोलला."

"त्याला कुठे माहीत होतं तू कोण ते?"

"म्हणूनच तर खरं बोलला."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती डिझाइनच्या खोलीत गेली. तिथले साहेब पस्तिशीचे, हुशार, जरा हळवे. त्या नव्या मॉडेलवर त्यांचा फार जीव. डब्याचा तो मखमली काळा रंग त्यांनीच ठरवलेला. आणि एका अंगावर कडेपासून कडेपर्यंत जाणारी बारीक लाल रेघ. तिच्या जाडीवर त्यांनी दोन महिने घालवले होते. नमुन्याचे डबे माझ्याकडून नेताना ते हातमोजे घालायचे.

"ताई, पंचेचाळीस सेंटिमीटर पुरतात," त्यांनी पडद्यावर दाखवलं. "हे बघा. इथून इथे."

"साहेब, तुम्ही सरळ मोजलंत. तार सरळ जात नाही. ती मागून फिरून जाते."

"रेखाचित्रात पोचते आहे."

"दुकानात पोचत नाही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'चा सुसंस्कृत भाऊ.

ती परत आली तेव्हा तिच्या शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, "कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? तार लांब झाली तर मोजा चढवायला आपल्यालाच जास्त वेळ लागणार." खोटं नव्हतं ते. तो जाळीचा मोजा पिनांच्या टोकांना अडायचा, आणि लांब तारेवर जास्तच अडला असता.

संध्याकाळी तिनं मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, आम्हालासुद्धा सर हेच सांगतात. नकाशात जिना दोन रेघांचा असतो, चढायला लागलं की कळतं. तू त्यांना सांगू नकोस, चढायला लाव."

दुसऱ्या दिवशी वेणीताई ते कॅबिनेट घेऊन आली. आतले भाग घरी काढून ठेवले होते, फक्त बोर्ड तेवढा जागच्या जागी ठेवला होता. बसमध्ये मांडीवर बसेना, म्हणून अख्खा रस्ता उभ्यानं, पोटाशी धरून. फाटकावरचा पहारेकरी आत सोडेना, तेव्हा मी जाऊन माझ्या वहीत त्याची नोंद केली आणि दोघांनी मिळून ते डिझाइनच्या खोलीत नेलं.

"साहेब, तुम्हीच बसवा," ती म्हणाली.

साहेबांनी नव्या मॉडेलचा डबा तळाशी सरकवला. चार स्क्रू आवळले. तार मागून नेली, ताणली, पुन्हा ताणली. मग डबा काढून उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला. कनेक्टर भोकाशी येऊन थांबला तो थांबलाच. वेणीताई हात मागे बांधून बघत होती.

"हं," साहेब म्हणाले. "आहे कमी."

मग त्यांनी सहज म्हणून झाकण लावलं. आणि वाकून पाहिलं. झाकणाखाली अख्खा डबा नाहीसा झाला होता. मखमली रंग नाही, जाळी नाही, लाल रेघ नाही. बाहेर दिसत होत्या त्या फक्त तारा.

मला हसू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. वेणीताईला ते सगळं दुकानातच दिसलेलं होतं. आल्यापासून तिनं त्याचा उल्लेख केला नव्हता.

"दोन महिने, ताई," साहेब म्हणाले.

"माझी एकोणीस वर्षं, साहेब," ती म्हणाली. "मी मोजा नीट बसवत होते, पण तार जागेवर पोचते का ते कधी पाहिलंच नाही." मग म्हणाली, "डबा खोक्यातून काढताना दिसतेच की रेघ. घेणारा आधी तीच बघतो. आमच्या यांनासुद्धा तीच आवडली. रंगारी आहेत ते, उगाच नाही म्हणायचे."

साहेब ओशाळवाणे हसले. पण त्याच दुपारी त्यांनी रेखाचित्रात पंचेचाळीस खोडून पासष्ट लिहिले.

खरी अडचण पुढे आली. व्यवस्थापक म्हणाले, चार हजार तारा कापून पडल्यात, त्यांचं लोणचं घालायचं का? बैठकीत वेणीताईला बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहूनच बोलली. "जुनं मॉडेल अजून निघतं ना? ते वर बसवायच्या कॅबिनेटचं आहे. त्याला पंचेचाळीस पुरतात. त्याला लावा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून सांगितलं, जुन्या मॉडेलच्या मागणीत तीन महिन्यांत त्या सगळ्या खपतील. विषय तिथेच संपला.

मोज्याच्या अडचणीवर तोडगा तिनंच काढला. गुळगुळीत कागदाचा सुळका करून तो आठही पिनांवर टोपीसारखा चढवायचा, चिकटपट्टीनं आवळायचा आणि मोजा वरून सोडायचा. सर्रकन उतरायचा. शेजारच्या बाकावरच्या बाईनं दोन दिवस तिकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिनंही कागद मागून घेतला, आणि चौथ्या दिवशी सुळका अजून निमुळता कसा करायचा ते वेणीताईला शिकवायला लागली.

बदलाच्या कागदावर 'सूचना कुणाची' असा एक रकाना असतो. साहेबांनी तिथे सरळ 'वेणीताई' लिहून पाठवलं. मुख्य कार्यालयातून कागद परत आला, टोपणनाव चालत नाही म्हणून. मग हजेरीपट काढून नाव शोधावं लागलं. त्या कागदाची प्रत मी तिला दिली. ती बराच वेळ वाचत राहिली. एकच ओळ होती खरं तर.

"घरी काय म्हणाले?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हे म्हणाले, बरं झालं, नाव काय होतं ते मलाही आठवलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्यानंतर साहेबांनी स्टोअरमधून एक कॅबिनेट कायमचं मागून घेतलं. नव्या मॉडेलच्या पहिल्या नमुन्याला वेणीताईला बोलावणं जायचं. खुर्ची दिली तरी ती बसत नसे. चष्मा चढवून, उभ्यानंच, डब्याच्या भोकापासून निघून कॅबिनेटच्या कोपऱ्याकोपऱ्यातून ती बोटानं तारेची वाट चालून बघायची. साहेब टेप धरून मागोमाग. कुठे दोन बोटं वाढवा म्हणायची, कुठे चार बोटं कापा. आणि साहेब बोटांचे सेंटिमीटर करून लिहून घ्यायचे.