शंभर कशाचे?

तारापूरच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा मला एवढंच माहीत होतं की माझं गणित चांगलं आहे. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले होते. त्याचा ताठा नाकावर घेऊन आले होते, आणि पहिल्या आठवड्यातच तो खाली उतरला.

सुताला नंबर असतो, त्याला काउंट म्हणतात. वीस नंबरचं सूत आणि चाळीस नंबरचं सूत समोर ठेवून आमच्या इनचार्ज सरांनी विचारलं, जाड कोणतं? मी बेधडक चाळीसवर बोट ठेवलं. ते निघालं बारीक. ठीक, नंबर मोठा की सूत बारीक, असं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी पॉलिएस्टरचा धागा आला. त्याचा नंबर डेनियरमध्ये, आणि तिथे नंबर मोठा की धागा जाड. एकाच फळीवर दोन्ही ठेवलेले. मला वाटलं, ही माणसं मुद्दाम करतात.

टक्क्यांनी तर वीट आणला. रंगखात्यात रंग दोन टक्के म्हणजे कापडाच्या वजनाच्या दोन टक्के. मीठ मात्र टक्क्यांत नाहीच, पाण्याच्या लिटरला इतके ग्रॅम. कापड आटलं की आटलेले टक्के मूळ लांबीवर. ज्याच्या त्याच्या मनात एक शंभर असतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. हेल्पर आत डोकावून विचारायचा, "दीदी, कितना परसेंट आया?" आणि मी आकडा सांगून मोकळी व्हायचे. तो कशावरचा आहे, हे त्यालाही नको होतं आणि मलाही धड ठाऊक नव्हतं. सरांना विचारायला काय झालं होतं? पण टक्केवारी शाळेत शिकवतात. पदवी घेतलेल्या मुलीने ती विचारायची, या कल्पनेनेच माझे कान तापायचे. सर साधे होते, खानदेशातले, उमरोळीला राहायचे, मला मॅडम म्हणायचे. त्या मॅडम म्हणण्यानेच माझं तोंड शिवून टाकलं होतं.

सहा महिने मला अजमावून बघणार होते. सहाव्या महिन्याच्या शेवटी सर माझ्याबद्दल शेरा लिहिणार आणि त्यावर कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. घरी म्हणजे किनाऱ्यावर. आमची आय बोंबील सुकवते आणि विकते. नोकरी लागली त्या दिवशी मी सगळ्या बायांसमोर मोठ्या तोंडाने म्हणाले होते की आता या हातांना पुन्हा बोंबलाचा वास येणार नाही. बाया हसल्या होत्या. आय हसली नव्हती. असं बोलून गेलेल्या मुलीला परत त्याच वाळूत जाऊन बसणं किती जड गेलं असतं, ते मला रोज रात्री सरावलीच्या भाड्याच्या खोलीवर आठवायचं.

सहाव्या महिन्यात, एका शनिवारी, सर रजेवर होते आणि सुताचा मोठा लॉट आला. सूत हवेतलं पाणी पितं. ते किती प्यायलंय, हे बघूनच लॉट घ्यायचा. आमच्या स्पेसिफिकेशनच्या कागदावर लिहिलं होतं: रिगेन, जास्तीत जास्त साडेआठ टक्के. मी नेहमी कुणाच्या तरी हाताखाली ही चाचणी केली होती, आकडेमोड तेच करायचे. आज मी एकटी. शंभर ग्रॅम सूत घेतलं, ओव्हनमध्ये ठेवलं, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवलं. भरलं ब्याण्णव. आठ ग्रॅम पाणी. शंभरात आठ, म्हणजे आठ टक्के. साडेआठच्या आत. मी पास लिहिलं, खाली ऐटीत सही केली आणि गावची रिक्षा धरली.

रविवारी आय वलांडीपाशी होती. बांबू बांधून केलेल्या त्या मांडवावर बोंबील टांगलेले. मी वाऱ्याच्या उलट्या अंगाला, हात मांडीत घेऊन बसले. तिने विचारलं, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय? आजवर तिने हे विचारलं नव्हतं. मी मोठेपणाने सांगितलं, ओलं सूत तोलतो, सुकवतो, परत तोलतो, पाणी किती ते काढतो.

"म्हंजे आमचाच काम," ती म्हणाली. "मंग किती निंगाला पानी?"

"शंभरात आठ."

तिचे हात चालूच होते. "शंभर कशाचे? वल्ल्याचे का सुक्याचे?"

मी म्हटलं, ओल्याचे. शंभर ग्रॅम ओलंच तर घेतलं होतं.

"वल्ल्यावर कोन मोजतं, बाय? वल्लं रोज बदलतं. सकाली येगलं, दुपारी येगलं. सुकं हाय तेवडंच हाय. आमी सुक्यावरनं मागं मोजतो."

मी तिला काहीतरी उलट बोलणार होते. पण त्याआधी मोबाइल काढला आणि रिगेन म्हणजे काय ते पहिल्यांदा शोधून वाचलं. सुक्या वजनावर पाणी किती. आठ भागिले ब्याण्णव. ८.७० आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. नापास लॉटवर मी पासची सही करून आले होते.

तेवढ्यात व्यापारी आला. आयने त्याला दुपारी माल दिला नाही, सकाळी ये म्हणाली. लहानपणापासून ती हेच करायची. सकाळच्या दमट हवेत सुकी मासळी पाणी पिते आणि काट्यावर जास्त भरते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी उद्या सूतवाल्याचा लॉट अडवणार होते, तीच आय माझ्यासमोर करत होती. ती फसवते म्हणावं तर व्यापारीही हे जाणून होता. नाही म्हणावं तर माझी नोकरी कशासाठी? हा गुंता मला अजून सुटलेला नाही.

सोमवारी सर येण्याआधी मी लॅबच्या दारात उभी होते. आले तसं सांगून टाकलं. शनिवारचा माझा आकडा चुकला, मी ओल्या वजनाने भागलं, लॉट नापास आहे. सरांनी वही बघितली, गोदामात फोन करून लॉट थांबवायला सांगितलं. सूत अजून मशीनवर चढलं नव्हतं. मग चष्मा काढून म्हणाले, "स्वतःची चूक स्वतःच शोधलीत. सुक्यावर भागायचं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

वलांडीजवळ बसलेली आय माझ्या डोळ्यांसमोर आली. बोंबील आले, वास आला, हसणाऱ्या बाया आल्या.

"पुस्तकात वाचलं, सर," मी म्हटलं.

त्यांनी शेरा चांगला लिहिला. मी कायम झाले. फोनवर सगळं कळवलं, तेव्हा आयने एकच विचारलं, सरांना सांगितलंस का कोनी शिकवलं ते? मी म्हटलं, सांगितलं. मग सर काय बोलले, असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, तुमची आई हुशार आहे म्हणाले. आठवड्याभरात बाजारातल्या सगळ्या बायांना कळलं होतं की कंपनी तिच्या हिशोबाने चालते.

याला काही वर्षं झाली. तेव्हापासून दर महिन्याला ती सरांसाठी बोंबलाची पिशवी देते. सर आवडीने घेतात, आईंना कशाला त्रास, म्हणतात. मी म्हणते, तिला हौस आहे. सरांचे बोंबील ती सकाळी काढत नाही. कडक उन्हात, भर दुपारी काढते, हाताने मोडून बघते आणि मगच बांधते. एकदा मी म्हटलं, एवढं कशाला बघतेस, ते काय तोलणार आहेत?

"त्यांना ठावं हाय मी सुक्यावर मोजतंय," ती म्हणाली. "त्यांना पानी द्याचा नाय."